टक्कल पडतें तें कां?

गेल्या मार्गशीर्षांतील गोष्ट. रविवारची दुपार होती. वाकोल्यास आमच्या घरीं जेवणें आटोपून मंडळी बाहेरच्या खोलींत बसली होती. डोक्यावरून दर चार-पांच मिनिटांनीं विमान जात होतें, आणि विमान गेलें कीं तुटलेलें बोलणें पुन्हां जोडून घ्यावयाचें, या आमच्या नेहमींच्या संवयीनें संभाषण तुकड्यातुकड्यांनीं चाललें होतें. इतक्यांत वहिनींनीं आंतून एक कागद आणून माझ्या हातीं दिला. पुतण्याची विजार धुण्यास टाकतांना खिशांत सांपडलेली ती एक पावती होती. रक्कम ४२,००० रुपये. आणि ती कशाबद्दल, तर ‘मस्तकाचें रक्ताभिसरण सुधारण्याचा सहा महिन्यांचा क्रम’.

पुतण्या २६ वर्षांचा आहे. शिकलेला, मिळवता, निर्व्यसनी. गेलीं दोन वर्षें कपाळाच्या दोन्ही बाजूंनीं त्याचे केस मागें हटत चालले आहेत आणि माथ्यावरच्या भोंवऱ्याची जागा उघडी पडूं लागली आहे. आम्हां वडील मंडळींना त्याचें कांहींच वाटलें नव्हतें; कारण त्याचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधु, पस्तिशीच्या आंतच पुरे टकले झाले व तरीहि त्यांचा संसार यथास्थित झाला. परंतु गेल्या वर्षांत दोन स्थळांकडून पत्रिका जुळूनहि नकार आला होता, आणि दोन्ही ठिकाणचा निरोप मध्यस्थांनीं जवळजवळ एकाच शब्दांत सांगितला होता : मुलगा उत्तम आहे, पण फोटोंत वयानें मोठा दिसतो.

“काका,” तो मान खालीं घालून म्हणाला, “तिथल्या लोकांनीं यंत्रानें डोकें तपासलें. म्हणाले, मुळांना रक्तच पोंचत नाहीं. मुळाशीं पाणी नसलें तर झाड वाळायचेंच, नाहीं का?”

बंधूंनीं आपल्या डोक्यावरून एकदां हात फिरविला आणि ते कांहीं न बोलतां उठून गेले.

मीं तीस वर्षें शाळेंत शास्त्र हा विषय शिकविला. मुलांना एखादी गोष्ट समजत नसली म्हणजे दृष्टांत द्यावा, आणि दृष्टांत पटला म्हणजे गोष्ट समजली असें मानून पुढें जावें, हा अपराध मींहि शेंकडों वेळां केला आहे. झाड आणि पाणी हा दृष्टांत इतका सोयीचा आहे कीं, त्याला उलट प्रश्न विचारण्याचें कुणाच्या मनांत येत नाहीं. म्हणून त्या दिवसापासून मिळेल तेथून या विषयाचें वाचन करण्याचें मीं ठरविलें. त्यांतून जें निश्चित म्हणून हातीं लागलें, तें ज्या घरांत वयांत आलेले मुलगे आहेत त्या घरांना उपयोगीं पडेल या समजुतीनें येथें मांडीत आहें.

प्रथम केसाची दिनचर्या पाहूं. माणसाच्या डोक्यावर सुमारें एक लक्ष केस असतात आणि त्यांतील प्रत्येकाचें आयुष्य स्वतंत्र असतें. एक केस दोन ते सहा वर्षें वाढत राहतो, महिन्याला सुमारें एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत त्याचें मूळ आकसतें. त्यानंतर सुमारें तीन महिने तो न वाढतां नुसता टिकून राहतो आणि शेवटीं गळतो. त्याच केशकूपांतून पुन्हां नवा केस येतो. तेव्हां दिवसाकाठीं पन्नास ते शंभर केस जाणें हा निरोगी डोक्याचा व्यवहार आहे. न्हाणीघराच्या जाळीवर जमलेले केस मोजून घाबरणाऱ्यांनीं हा आंकडा ध्यानांत ठेवावा.

पुरुषांना जें नेहमींचें टक्कल पडतें, त्यांत केस एकदांच गळून संपतात असें नाहीं. प्रत्येक फेऱ्यांत केसाचा वाढीचा काळ कमी कमी होतो आणि नवा येणारा केस पहिल्याहून आखूड व बारीक निघतो. शेवटीं उरते ती केवळ लव. टकल्या मनुष्याच्या चकाकणाऱ्या डोक्यावर भिंग धरून पाहिलें तर ही लव दिसते. मीं बंधूंच्या परवानगीनें पाहिली आहे. म्हणजे येथें झाड वाळलेलें नसतें. दर पिढींत तें खुरटत जाऊन अखेर गवताएवढें झालेलें असतें. शिवाय हें सारें ठराविक जागींच घडतें. कपाळाचे दोन कोपरे आणि माथा उघडे पडतात. कानांच्या वरची व मानेमागची झालर सत्तरीपर्यंतहि दाट राहते. टकलाच्या कारणाविषयीं जो कोणी कांहीं मत मांडील, त्याला या झालरीचा उलगडा केल्यावांचून सुटका नाहीं.

आतां रक्ताभिसरणाकडे वळूं. हें मत त्या यंत्रवाल्यांनीं नवें काढलेलें नाहीं. तें शंभर वर्षांहून जुनें आहे. डोक्याच्या कातडीखालीं कपाळाच्या स्नायूपासून मागच्या स्नायूपर्यंत ताणलेला एक पातळ पण चिवट पडदा असतो, आणि टकलाची जागा बहुतांशीं या पडद्यावरच येते. यावरून कित्येक पाश्चात्य वैद्यांनीं अनुमान बांधलें कीं, हा पडदा ताठ झाल्यामुळें वरच्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात व केसांची उपासमार होते. कुणी दोष घट्ट हॅटला दिला. आमच्याकडेहि पगडीनें डोकें ‘उबतें’ असें म्हणणारे होतेच. साहेब हॅट घालीत आणि टकले होत, म्हणून हॅट अपराधी ठरली. पण तशाच घट्ट टोप्या घालणाऱ्या मडमांना टक्कल कां पडेना, याची चौकशी करण्याचें कुणास सुचलें नाहीं. आज आमच्या भागांतील तरुण मंडळी हेल्मेटला आणि टँकरच्या पाण्याला दोष देतात, तो त्याच जातीचा. अंधेरीपर्यंत महामार्गावरून मोटरसायकल हांकणाऱ्या तरुणाच्या डोक्याला हेल्मेटमुळें घाम येतो व कोंडा होतो, हें खरें. परंतु त्यानें या प्रकारचें टक्कल पडत नाहीं. त्यानें हेल्मेट काढून ठेवूं नये, एवढें येथें बजावून सांगितलें पाहिजे.

तथापि रक्तप्रवाहाची गोष्ट अगदींच निराधार आहे, असेंहि म्हणतां येत नाहीं. १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोजणींत, टक्कल पडूं लागलेल्या पुरुषांच्या डोक्याच्या कातडीखालील रक्तप्रवाह इतरांच्या मानानें सुमारें २.६ पट कमी आढळला. १९९६ सालीं दुसऱ्या एका तपासणींत टकलाच्या जागीं प्राणवायूचें प्रमाण केसाळ जागेपेक्षां कमी भरलें. हीं मोजमापें खरीं आहेत व जाहिरातवाले तींच पुढें करतात. प्रश्न एवढाच कीं, रक्त कमी म्हणून केस गेले, कीं केस गेले म्हणून रक्त कमी झालें? आठवड्याचा बाजार उठून गेला म्हणजे त्या गांवीं जाणाऱ्या एस्. टी. च्या फेऱ्या कमी होतात. ओसाड गांवांत फेऱ्या कमी दिसल्या म्हणून गाड्यांच्या अभावीं गांव ओसाड पडलें, असें कुणी म्हणत नाहीं.

याचा निवाडा तीन प्रयोगांनीं झाला आहे, आणि ते सांगतांना मला आजहि वर्गांत उभा असल्याप्रमाणें आनंद होतो.

पहिला प्रयोग न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइश यांचा. त्यांनीं मानेमागच्या झालरींतील केसांसह कातडीच्या लहान चकत्या काढून त्या टकलाच्या जागीं बसविल्या व १९५९ सालीं आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्या चकत्यांवरील केस नव्या जागीं जोमानें वाढले व वर्षानुवर्षें टिकले. आतां विचार करा. टकलाच्या जागीं रक्त पुरेसें नसतें, तर तेथें लावलेलें हें परकें रोप तगलेंच कसें? आज जी केशरोपणाची शस्त्रक्रिया सर्वत्र होते, तिचा पाया हाच. दुसरा प्रयोग फिनलंडमधील नॉर्डस्ट्रॉम यांनीं १९७९ सालीं नोंदविला. तो याच्या उलट दिशेचा आहे. त्यांनीं टक्कल पडूं लागलेल्या भागांतील कातडीचे तुकडे उचलून त्याच माणसाच्या हातावर लावले. हातावर ना तो ताठ पडदा, ना ती टोपी; रक्त भरपूर. तरीहि तेथील केस डोक्यावरच्या भावंडांच्या बरोबरीनें बारीक होत गेले, आणि झालरींतून आणलेले केस मात्र हातावरहि जसेच्या तसे राहिले. म्हणजे केसाचें भवितव्य तो कोठें उगवतो यावर ठरत नाहीं. तो कोणत्या मुळापासून निघाला आहे यावर ठरतें. तिसरा प्रयोग उंदरांवरचा, २००१ सालचा. त्यांत असें दिसलें कीं, केस वाढीला लागला म्हणजे त्याच्या मुळाभोंवतीं रक्तवाहिन्यांचें जाळें पसरतें आणि त्याची वाढ थांबली म्हणजे तें जाळें आंवरलें जातें. म्हणजे केसच आपल्या गरजेनुसार रक्त मागून घेतो.

घरगुती पुरावा हवा असेल तर तोहि आहे. क्रिकेटचा चेंडू डोक्याला लागून खोंक पडलेलें पोर ज्यांनीं घरीं आणलेलें पाहिलें असेल, त्यांना हें सांगणें नलगे कीं, डोक्याच्या लहानशा जखमेंतूनहि रक्ताची धार लागते. कपाळाकडून, कानशिलांकडून आणि मानेमागून अशा अनेक धमन्या डोक्याच्या कातडीला रक्त पुरवितात, आणि तेथील घट्ट तंतूंमुळें कापलेल्या वाहिनीचें तोंड लवकर मिटत नाहीं. गेल्या पावसाळ्यांत बंधूंना खिडकीची झडप लागली, तेव्हां त्यांच्या पूर्ण टकल्या डोक्यांतूनहि रक्त असें वाहिलें कीं, दोन टॉवेल भिजले.

मग खरें कारण कोणतें? त्याचा धागा फार जुना आहे. ज्यांचें पुरुषत्व लहानपणींच नष्ट केलें गेलें, त्यांना टक्कल पडत नाहीं, हें प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस यांच्या नांवानें चालत आलेल्या ग्रंथांत नमूद आहे. हें निरीक्षण दोन हजार वर्षें तसेंच पडून राहिलें. १९४२ सालीं अमेरिकेंतील शारीरशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनीं अशाच पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वयांत येण्यापूर्वींच ज्यांच्यांतील पुरुषी स्राव बंद झाला होता, त्यांचे केस उतारवयांतहि शाबूत होते. त्यांतील कांहींना टेस्टोस्टेरॉन हें पुरुषी हॉर्मोन देतांच, ज्यांच्या घराण्यांत टक्कल होतें त्यांचे केस जाऊं लागले, आणि औषध थांबवितांच तें जाणें थांबलें. ज्यांच्या घराण्यांत टक्कल नव्हतें, त्यांना फारसें कांहीं झालें नाहीं. हॉर्मोन आणि आनुवंशिकता हीं दोन चाकें असल्यावांचून हा गाडा चालत नाहीं, हें त्या दिवशीं सिद्ध झालें.

पुढचा दुवा मिळाला तो वेस्ट इंडीजमधील डोमिनिकन प्रजासत्ताकांतल्या एका खेड्यांत. तेथें कांहीं मुलें जन्मतः मुलगी समजून वाढविलीं जात आणि वयांत येतांच त्यांच्यांत पुरुषाचीं लक्षणें प्रकट होत. ज्युलियन इंपेराटो-मॅकगिन्ली या विदुषीनें १९७४ सालीं दाखविलें कीं, टेस्टोस्टेरॉनचें रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रखर द्रव्यांत करणारें एक विकर या मुलांत जन्मापासूनच उणें असतें. हे पुरुष पुढें टकले होत नव्हते. यावरून हें दुसरें द्रव्यच केसांच्या मुळांना खुरटवितें असें ठरलें. विशेष हें कीं, हीच द्रव्यें गालावरची दाढी वाढवितात आणि माथ्यावरचा केस बारीक करितात. एकाच पावसानें भात तरारतें व बाजरी कुजते, तसें. मानेमागच्या मुळांवर त्यांचा परिणाम होत नाहीं, आणि झालरीचें कोडें येथें सुटतें.

आनुवंशिकतेविषयीं आमच्या घरांत एक वाद नेहमींचा आहे. वहिनींचें म्हणणें, मुलगा बापावर गेला. बंधूंचें म्हणणें, मुलाच्या मामाकडे पाहा. दोघेंहि थोडीं थोडीं बरोबर आहेत. पुरुषी हॉर्मोनचा परिणाम ज्यामुळें पेशींवर होतो, त्या ग्राहकाचें जनुक मुलाला आईकडूनच येतें, आणि टकलाशीं त्याचा संबंध निकट आहे. म्हणून आजोळच्या पुरुषांकडे पाहण्याची रीत निरर्थक नाहीं. पण जनुक तें एकच नव्हे. ब्रिटनमधील सुमारें ५२,००० पुरुषांच्या २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत टकलाशीं निगडित अशा २८७ जागा आढळल्या, आणि त्यांतील बहुतेक आई-बाप दोघांकडूनहि येणाऱ्या आहेत.

रक्ताभिसरणवाद्यांच्या हातीं आणखी एक हुकमी पत्ता असतो, तो मिनॉक्सिडिल या औषधाचा. हें औषध मूळचें रक्तदाबावरचें. तें रक्तवाहिन्या सैल करतें. पोटांत घेणाऱ्या रोग्यांच्या अंगावर व तोंडावर केस वाढूं लागल्याचें दिसून आलें, तेव्हां त्याचें डोक्याला लावण्याचें पाणी तयार झालें व १९८८ सालीं अमेरिकेंत त्याला मान्यता मिळाली. तेव्हां रक्त वाढलें म्हणूनच केस आले, असें म्हणणें साहजिक होतें. परंतु रक्तवाहिन्या सैल करणारीं दुसरीं अनेक औषधें आहेत, आणि त्यांनीं डोक्यावर केस येत नाहींत. मिनॉक्सिडिल मुळाच्या पेशींवरच काम करून वाढीचा काळ लांबवितें, असें आतां मानतात. तें लावूं लागल्यावर पहिले कांहीं आठवडे केस अधिकच गळतात, त्यामुळें पुष्कळजण घाबरून सोडतात. गुण दिसण्यास चार ते सहा महिने लागतात, आणि थांबविलें कीं मिळविलेले केस कांहीं महिन्यांत जातात. घरांत मांजर असेल त्यांनीं एक काळजी घ्यावी : हें पाणी मांजरास विषारी आहे, उशीला किंवा हाताला लागलेलें चाटूनहि त्याच्या जिवावर बेतूं शकतें.

आपल्या वैद्यकाचें मत काय, असें वाचक विचारतील. सुश्रुतांनीं वर्णिलें आहे तें असें कीं, रोमकूपांत शिरलेलें पित्त वातासह केस पाडतें आणि मग कफ व रक्त मिळून तीं छिद्रें बुजवितात, म्हणून तेथें दुसरा केस येत नाहीं. वाग्भटांनीं एकाएकीं केस जाणाऱ्या इंद्रलुप्ताहून क्रमाक्रमानें होणारें खालित्य वेगळें काढलें आहे. हा भेद आजच्या डॉक्टरांनाहि मान्य व्हावा इतका नेमका आहे. चाई वेगळी आणि टक्कल वेगळें, हें आपल्या आज्याहि जाणत. वहिनी मुलाला दर शनिवारीं माक्याचें तेल चोळतात. चोळण्यानें काय होतें? जपानांत २०१६ सालीं नऊ निरोगी पुरुषांच्या डोक्याला रोज चार मिनिटें याप्रमाणें चोवीस आठवडे मर्दन केलें, तेव्हां केस किंचित् जाड झाले, पण त्यांची संख्या वाढली नाहीं. नऊ माणसांवरून फार मोठें अनुमान काढूं नये. खोबरेलाचा एक गुण मात्र चांगला पारखलेला आहे. तें केसाच्या आंत शिरतें व त्याची झीज कमी करतें, असें मुंबईच्याच मॅरिको कंपनीच्या संशोधकांनीं २००३ सालीं दाखविलें. कंपनी खोबरेल विकणारी आहे, हेंहि लक्षांत असूं द्यावें. तेल उगवलेल्या केसाला जपतें. मुळाला तें वळवूं शकत नाहीं. हें मीं वहिनींस सांगितलें, तेव्हां त्या म्हणाल्या, “भावोजी, तेवढ्या निमित्तानें तो दहा मिनिटें माझ्यापाशीं बसतो, तें काय थोडें आहे?” यावर माझ्यापाशीं शास्त्रीय उत्तर नव्हतें.

सगळेच केस जाणें या एका प्रकारचें नसतें, हें महाराष्ट्रानें नुकतेंच पाहिलें आहे. २०२५ च्या जानेवारींत बुलढाणा जिल्ह्याच्या शेगांव तालुक्यांत बोंडगांव, कालवड, हिंगणा इत्यादि गांवीं पुरुषांचे, बायकांचे आणि मुलांचेहि केस तीन-चार दिवसांत मुठीमुठीनें हातांत येऊं लागले. लोक भेदरले, शेजारच्या गांवचे लोक त्यांच्याकडे येईनासे झाले. प्रथम संशय पाण्यावर गेला. पुढें महाडचे डॉक्टर हिमतराव बावस्कर यांनीं तेथें जाऊन तपास केला आणि स्वस्त धान्याच्या दुकानांतून आलेल्या गव्हांत सेलेनियम या द्रव्याचें प्रमाण फार असल्याचा निष्कर्ष मांडला. विंचवाच्या दंशावरील उपचारांमुळें ज्यांनीं कोंकणांतील असंख्य मुलांचे प्राण वांचविले, तेच हे डॉक्टर. त्या गांवांतील पुष्कळांचे केस पुढें परत येऊं लागले. एकाएकीं, सर्व डोक्याचे, बायकापुरुषांचे सरसकट केस गेले, तर कारण बाहेरचें असतें. तें शोधावें लागतें. विषमज्वर, डेंग्यू किंवा तसाच मोठा ताप येऊन गेल्यावर, तसेंच बाळंतपणानंतर सुमारें तीन महिन्यांनीं केस पुष्कळ गळतात व बहुधा आपोआप भरून येतात. रक्तांतील लोह कमी असणें किंवा थायरॉइडचा विकार हींहि कारणें घरांतील स्त्रियांत नेहमीं आढळतात. केस रोज ताणून घट्ट वेणी घालणाऱ्या मुलींच्या कपाळाकडचे केस विरळ होतात. तेथें वेणी सैल करणें एवढाच उपाय.

आतां थोडें आमच्या घराविषयीं लिहितों, कारण मला वाटतें कीं, पुतण्याचें दुःख मुळांत केसाचें नव्हतें.

आमच्या पणजोबांच्या पिढींत पुरुष डोक्याला घेरा ठेवीत. समोरचें डोकें वस्तऱ्यानें साफ, मागें शेंडी, वर पगडी. अशा डोक्यावर टक्कल पडलें काय आणि न पडलें काय, कुणास कळणार? किंबहुना न्हाव्याचें काम थोडें हलकें झालें असेल. भर्तृहरीच्या नीतिशतकांतील खल्वाट उन्हानें पोळून झाडाखालीं जातो आणि तेथेंहि फळ त्याच्याच डोक्यावर आदळतें. तो श्लोक नशिबाबद्दलचा आहे, रूपाबद्दलचा नाहीं. टकल्या मनुष्य क्वचितच निर्धन असतो, असें तर जुन्या लोकांत कौतुकानें बोलत. इंग्रजी अमदानींत शेंडी गेली, भांग आला, पगडी जाऊन टोपी आली व अखेर तीहि गेली. डोकें उघडें पडलें तेव्हां कोठें टक्कल हें व्यंग ठरलें. त्याच पणजोबांच्या घरांत त्यांच्या विधवा बहिणीचे केस दर पंधरवड्यास काढले जात. १८९० सालीं मुंबईच्या न्हाव्यांनीं सभा भरवून असें वपन न करण्याचा निश्चय केला, पण आमच्या घरांत तो लवकर पोंचला नाहीं. बाईच्या केसांसाठीं त्या घरांत कुणी डॉक्टर शोधला नाहीं, हें मला हा लेख लिहितांना वारंवार आठवत राहिलें. आणि आज मुलीकडची मंडळी फोटो पाहून नकार देतात, याचा राग येऊं लागला, कीं आम्हीं मुलींचे फोटो पाहून आजवर काय काय म्हटलें तेंहि आठवतें.

उपायांचें थोडक्यांत सांगतों. मिनॉक्सिडिलचें वर आलेंच. दुसरें औषध फिनास्टेराइड; डोमिनिकन खेड्यांतील त्या शोधावरून तें निघालें, आणि १९९७ सालीं अमेरिकेंत टकलासाठीं मान्य झालें. रोजची एक मिलिग्रॅमची गोळी रक्तांतील त्या द्रव्याचें प्रमाण सुमारें ७० टक्क्यांनीं उतरविते व पुष्कळांचें केस जाणें थांबतें. पण तें गंमतीनें घेण्याचें औषध नव्हे. कांहींजणांस कामेच्छा कमी होण्याचा त्रास होतो. मनावर उदासी येते असेंहि आढळलें असून, आत्मघाताचे विचार हा त्याचा एक दुष्परिणाम असल्याचें युरोपच्या औषध-नियंत्रक संस्थेनें २०२५ सालीं मान्य केलें. गरोदर स्त्रीनें फुटलेली गोळी हाताळूं नये. उतारवयांत प्रोस्टेटसाठीं रक्त तपासावयाचें असेल, तर हें औषध चालू असल्याचें डॉक्टरांस सांगावें, कारण त्यानें तपासणींतील आंकडा निम्म्यावर येतो. एका गोष्टीची मात्र वडीलधाऱ्यांनीं नोंद घ्यावी : २०१३ सालीं जपानी संशोधकांनीं अनेक पाहण्या एकत्र करून दाखविलें कीं, ज्यांच्या माथ्यावर टक्कल पडतें त्यांना हृदयविकाराचा धोका कांहींसा अधिक असतो. टक्कल हें त्याचें कारण नव्हे. पण लवकर टक्कल पडलेल्यानें रक्तदाब व साखर पाहून घेण्यास हरकत नाहीं. डोक्याच्या रक्तप्रवाहावर ४२,००० रुपये टाकण्यापेक्षां हा खर्च पुष्कळच स्वस्त पडतो.

केशरोपण खरें आहे, परंतु ती शस्त्रक्रिया आहे, हजामत नव्हे. २०१९ च्या मार्च महिन्यांत मुंबईंत एकाच बैठकींत हजारों केस लावून घेतलेल्या एका व्यापाऱ्याचा दोन दिवसांच्या सुमारास मृत्यु झाला. २०२२ सालीं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें नियम घालून दिले कीं, हें काम शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनींच करावें व ध्वनिचित्रफिती पाहून तें शिकतां येत नाहीं. दुकानाच्या पाटीपेक्षां डॉक्टरांची नोंदणी विचारण्याचा संकोच करूं नये.

त्या ४२,००० रुपयांपैकीं एक पैहि परत मिळाली नाहीं. पावतीच्या मागें बारीक अक्षरांत तसें छापलेलें होतें. पुतण्या मग माझ्याबरोबर एका त्वचारोगतज्ज्ञांकडे आला. त्यांनीं पांच मिनिटांत डोकें पाहिलें, वडिलांविषयीं व मामांविषयीं विचारलें, दोन्ही औषधांचे गुणदोष समजावून दिले आणि घाई करूं नका म्हणाले. त्यानें लावण्याचें पाणी तेवढें पत्करलें. येतांना वाकोल्याच्या पुलाजवळच्या आमच्या नेहमींच्या न्हाव्याकडे तो गेला व सगळेच केस अगदीं बारीक कापून आला. चंपी करूं का, असें न्हाव्यानें विचारलें; करा म्हणाला.

रात्रीं जुन्या फोटोंचा पुठ्ठ्याचा आल्बम निघाला. पणजोबांचा एकच फोटो आहे, खुर्चीवर बसलेला, पगडी घातलेला.

“काका, पणजोबांना टक्कल होतें का हो?” त्यानें विचारलें.

“पगडी काढलेली कुणी पाहिली असेल तर सांगणार,” बंधु म्हणाले. बऱ्याच महिन्यांनीं ते या विषयावर बोलत होते.

पौषांत तिसऱ्या स्थळाकडे पाठविण्यासाठीं वहिनींनीं दोन फोटो काढून ठेवले होते. त्यांतील क्रिकेटची टोपी घातलेला पुतण्यानें परत आल्बमांत ठेवला आणि न्हाव्याकडून आल्यानंतर काढलेला पाकिटांत घातला.